दिव्यांग म्हणू नका, दाखला द्या!

नेसरीचे नाव घेतले की महाराष्ट्राला २४ फेब्रुवारी १६७४ हा दिवस आठवतो. प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि तेथेच कामी आले. त्यांचे स्मारक नेसरीत आहे. गडहिंग्लज तालुक्यातील या गावाला पुढारी येतात ते बहुधा त्या स्मारकाला हार घालण्यासाठी. आम्ही मात्र आज वाचकांना त्याच नेसरीतील दुसऱ्या एका लढाईकडे पाहायला सांगणार आहोत. नेसरी आणि तिच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांतील पायाने अधू, डोळ्यांनी अंध, कानांनी बहिरा असा माणूस किंवा बुद्धीची वाढ खुंटलेल्या मुलाची आई सरकारी मदतीसाठी अर्ज करते, तेव्हा तिच्या वाट्याला नेमके काय येते? या लढाईची ना तारीख पाळली जाते ना तिला स्मारक मिळते.

पहिली पायरी अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची. १ जून २०२१ पासून हे प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवरून ऑनलाइनच मिळते. तेथे अर्ज भरायचा, आधार, फोटो आणि रहिवासाचा पुरावा जोडायचा आणि मग तपासणीसाठी रुग्णालय गाठायचे. अर्जाला शुल्क नाही, असे सरकार अभिमानाने सांगते. पण फुकटचा अर्ज गरिबाला फुकट पडत नाही. ज्याच्या घरात संगणक नाही तो सेवा केंद्राच्या दारात उभा राहतो. तालुक्याला जो तज्ज्ञ नसतो त्याच्यासाठी जिल्ह्याचे रुग्णालय गाठावे लागते. नेसरीहून कोल्हापूर जाऊन-येऊन दीडशे किलोमीटरच्या वर. अपंग माणूस एकटा जात नाही, सोबत घरातले कोणीतरी लागते. म्हणजे दोघांचे भाडे आणि निदान एकाची बुडालेली मजुरी. मशीन बंद आहे, डॉक्टर रजेवर आहेत, पुढच्या आठवड्यात या, असे उत्तर मिळाले की तोच खर्च पुन्हा. एसटी अपंगांना भाड्यात ७५ टक्के सवलत देते, पण ती प्रमाणपत्र हाती आल्यावर! ज्या प्रवासाला सवलतीची सर्वांत जास्त गरज आहे, नेमक्या त्याच प्रवासाला ती नाही. या व्यवस्थेला काय म्हणावे?

या माणसाला सरकारने एक मोठे नाव मात्र दिले आहे. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ हा शब्द वापरावा असे सुचविले आणि बघता बघता कार्यालयांच्या पाट्या बदलल्या. आंबेडकरी समाजाला या गोष्टीचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. आम्हालाही कोणीतरी ‘हरिजन’ म्हणजे देवाची माणसे केले होते. देवाची माणसे केली, पण पाणवठा मोकळा केला नाही. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात हा शब्द कायद्यात घालण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य निषेध म्हणून सभागृहातून बाहेर पडले. प्रश्न नुसत्या शब्दाचा नव्हता. माणसाला देवत्व बहाल केले की त्याला माणसाचे हक्क देण्याची जबाबदारी टाळता येते, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. अपंगांना दिव्य अंग असल्याचे सांगणे हा त्याच जातीचा प्रकार आहे. त्यांना दिव्यत्व नको आहे. त्यांना बसमध्ये चढता यावे, कार्यालयाच्या पायऱ्या ओलांडता याव्यात आणि महिन्याचे अनुदान महिन्याला मिळावे एवढेच हवे आहे.

आणि हे अनुदान म्हणजे कोणाची मेहेरबानी नव्हे. बेकारी, वार्धक्य, आजार आणि अपंगत्व या प्रसंगी नागरिकाला सार्वजनिक साहाय्याचा हक्क मिळावा यासाठी राज्याने परिणामकारक तरतूद करावी, असे संविधानाचा अनुच्छेद ४१ सांगतो. राज्याच्या आर्थिक क्षमतेची मर्यादा त्यात आहे आणि ही मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयातून थेट बजावून घेता येत नाहीत, हे खरे. पण जो कोणी सत्तेवर येईल त्याला ही तत्त्वे डावलता येणार नाहीत, त्याला मतदारांपुढे जाब द्यावा लागेल, असे बाबासाहेबांनी १९४८ मध्येच संविधान सभेत बजावले होते. तो जाब विचारण्याचे काम आपण किती केले?

कायदेही झाले. १९९५ चा अपंग व्यक्तींचा कायदा आला आणि त्याने नोकऱ्यांत ३ टक्के जागा राखल्या. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आणि उच्च शिक्षणात ५ टक्के जागा राखल्या. विदर्भातील आमच्या वाचकांना ज्याची झळ ठाऊक आहे तो सिकलसेलही या २१ प्रकारांत आला. परंतु लाभाचे दार उघडते ते ४० टक्क्यांवर. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय निवृत्तीवेतन योजनेसाठी तर ८० टक्के अपंगत्व लागते, शिवाय घर दारिद्र्यरेषेखाली हवे. एवढे सारे सिद्ध केल्यावर केंद्राचा वाटा किती? महिन्याला ३०० रुपये. २०१२ पासून हा आकडा जागचा हललेला नाही. या काळात खासदार-आमदारांचे पगार आणि भत्ते कितीदा वाढले, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

टक्केवारी हाडामांसाचे मोजमाप करते. माणूस काय करू शकतो आणि काय नाही, हे तिला कळत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील ओंकार गोंड या विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात हेच सांगितले की, केवळ टक्केवारीचा आकडा पाहून कोणाला अपात्र ठरवता येणार नाही, त्याची प्रत्यक्ष क्षमता तपासली पाहिजे. प्रवेश नाकारताना आकडा पुरेसा नसेल, तर मदत नाकारताना तो पुरेसा कसा? ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाच्या हाताची दोन बोटे गेली तर मंडळाच्या कागदावर त्याचे अपंगत्व थोडे असेल, पण त्याच्या चुलीवर ते शंभर टक्के असते.

आता दुसरी पायरी. प्रमाणपत्र म्हणजे अनुदान नव्हे. राज्याच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. त्याला उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, वयाचा पुरावा, शिधापत्रिका, बँकेचे पासबुक असा गठ्ठा जोडायचा आणि तालुक्याच्या समितीच्या बैठकीची वाट पाहायची. या योजनेतून अपंगांना मिळणारी रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून दीड हजारावरून अडीच हजार रुपये झाली. जून २०२५ मध्ये बच्चू कडू यांनी मोझरीला उपोषण केले, ठिकठिकाणचे अपंग रस्त्यावर आले, त्यानंतर ही वाढ झाली हे विसरता कामा नये. वाढीचे आम्ही स्वागत करतो. पण रक्कम वाढवली आणि दार अरुंदच ठेवले, तर आत येणार किती?

हे दार अरुंद आहे ते उत्पन्नाच्या अटीने. अपंग अर्जदाराच्या संपूर्ण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५० हजार रुपयांच्या आत हवे. चार माणसांच्या घरात हे दिवसाला माणशी चौतीस रुपये होतात. घरातील एक जण दोनशे रुपये रोजाने वर्षाला तीनशे दिवस राबला तरी साठ हजार होतात आणि घरातला अपंग अपात्र ठरतो! याच सरकारने २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आणली, तेव्हा उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख ठेवली. बहिणींना मिळाले याचे आम्हाला दुःख नाही. पण ज्याला उभे राहता येत नाही त्याच्यासाठी मर्यादा पाचपटीने खाली का, याचे उत्तर सरकारने दिले पाहिजे. ही अट पाळायची तर एकतर घरात कोणी कमावता नसावा, नाहीतर दाखल्यावर खोटा आकडा असावा. म्हणजे आधी सरकारच गरिबाला खोटे बोलायला लावते आणि उद्या चौकशी आली की त्यालाच चोर ठरवते.

आणखी एक अट सीमाभागाला विशेष नडते. या योजनेसाठी अर्जदार पंधरा वर्षे महाराष्ट्राचा रहिवासी असावा लागतो. नेसरीपासून कर्नाटकाची हद्द लांब नाही आणि या भागातील सोयरिकी बेळगावकडच्या गावांशी होतात. पलीकडची अपंग मुलगी लग्न होऊन इकडे आली, तर तिने पंधरा वर्षे काय करावे? राज्यांच्या हद्दी नकाशावर आखल्या गेल्या, तेव्हा तिला कोणी विचारले नव्हते.

त्यात ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने नियम बदलले. पूर्वी प्रमाणपत्र एका महिन्यात देणे बंधनकारक होते, ती मुदत आता तीन महिने झाली. इतकेच नव्हे, तर दोन वर्षांत निर्णय झाला नाही तर अर्जच रद्द समजला जाईल आणि अर्जदाराने पुन्हा धावपळ करायची! विलंब कार्यालयाचा आणि शिक्षा अर्जदाराला. आमच्या समाजाला हा अनुभव नवा नाही. जातीचा दाखला आणि जात पडताळणीसाठी ज्यांच्या पिढ्यांनी चपला झिजवल्या, त्यांना हा खेळ पाठ आहे. हक्क नाकारायचा नसतो, फक्त कागद पुढे सरकू द्यायचा नसतो.

यावर लगेच कोणी म्हणेल की, बोगस प्रमाणपत्रे निघतात म्हणून कडक नियम हवेत. पूजा खेडकर प्रकरणात लोकसेवा आयोगाने जुलै २०२४ मध्ये उमेदवारी रद्द केली आणि केंद्राने सप्टेंबरमध्ये त्यांना सेवेतून कमी केले. बनावट लाभ घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंडाची तरतूद २०१६ च्या कायद्यातच आहे. ती जरूर वापरावी. खोटा अपंग हा खऱ्या अपंगाची जागा चोरतो, जसा खोटा जातीचा दाखला काढणारा आमची जागा चोरतो. परंतु असे वाद उठतात ते वरच्या खुर्च्यांसाठी आणि त्यानंतर आवळलेल्या चाळणीत अडकते ती नेसरीची म्हातारी. तिच्या अडीच हजारांवर सरकारची तिजोरी बुडत नाही.

हा प्रश्न आंबेडकरी दैनिकाने का मांडावा, असे काहींना वाटेल. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार अपंग नोंदले गेले. देशपातळीवर अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकसंख्येत अपंगांचे प्रमाण २.१८ टक्के होते, अनुसूचित जातींत ते २.४५ टक्के होते. हा फरक दैवाने आणलेला नाही. जो समाज खाणीत, वीटभट्टीवर, गटारात आणि उसाच्या फडात राबतो, ज्याच्या गरोदर बाईला पोटभर अन्न नाही, त्याच्या वाट्याला अपंगत्व अधिक येणारच. यामागे मागच्या जन्मीचे पाप शोधणारा कर्मविपाक आपण १९५६ मध्ये नाकारला. मग त्याच विचाराने अपंगांकडे दयेने पाहणारी नजरही आपण नाकारली पाहिजे.

कोल्हापूरला तर या बाबतीत कारणे सांगण्याची सोय नाही. १९०२ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखल्या त्या याच मातीत. याच शहरात चाकाच्या खुर्चीवरून नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली आणि अपंगांचे शिक्षण, वसतिगृह, रोजगार यांचे काम करून दाखविले. एक बाई खुर्चीवर बसून जे करते, ते सगळी सरकारी यंत्रणा धडधाकट पायांवर उभी राहून का करीत नाही?

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. तपासणी मंडळाने ठरलेल्या तारखांना नेसरीसारख्या गावांत जावे, माणसाला मंडळाकडे खेचू नये. तपासणीसाठीच्या प्रवासाचे भाडे आणि सोबत येणाऱ्याची मजुरी सरकारने द्यावी. उत्पन्नाची मर्यादा निदान अडीच लाख करावी. दोन वर्षांनी अर्ज रद्द करणारा नियम मागे घ्यावा. केंद्राने आपले ३०० रुपये वाढवावेत. डिसेंबर २०२२ मध्ये देशातील पहिला स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढल्याचा डंका वाजविणाऱ्या राज्य सरकारने एवढे तरी करावे.

पण सरकारकडे बोट दाखवून आपले काम संपत नाही. प्रत्येक वस्तीतील बुद्धविहार आणि समाजमंदिर महिन्यातून एक दिवस दाखल्यांचे केंद्र का होऊ नये? शिकलेल्या मुलांनी मोबाइलवरून अर्ज भरून द्यावेत, पोचपावती जपून ठेवावी, तारखेला सोबत जावे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के निधी अपंगांवर खर्च करायचा असतो. तो गेल्या वर्षी कोठे गेला, हे ग्रामसभेत उठून विचारावे. मंडळाने टक्केवारी कमी लावली तर ९० दिवसांत अपील करता येते, हे घरोघर सांगावे. अर्ज फेटाळला तर कारण लेखी मागावे, तोंडी उत्तरावर परत फिरू नये.

ज्या समाजाला एक कागद नाकारून शतकानुशतके बाहेर ठेवले गेले, त्याला कागदाची किंमत कळते. तीच किंमत आता आपल्या वस्तीतल्या अपंग माणसाच्या कामी यावी. जयंतीच्या मिरवणुकीचा खर्च काढताना, या वस्तीत प्रमाणपत्र नसलेला अपंग कोण आहे, एवढी एक यादी प्रत्येक मंडळाने तयार करावी. ती यादी तहसीलदाराच्या टेबलावर पडली की त्यांना आपोआप कळेल की हा समाज आता भीक मागायला आलेला नाही, हिशोब मागायला आला आहे.