स्मृतिभ्रंश आणि वृद्धाश्रमाची शर्त

संपादक महोदय,


आईवडिलांना वृद्धाश्रमात ठेवणे ही कृतघ्नताच होय, असे प्रतिपादन करणारे एक पत्र आपल्या वृत्तपत्रात नुकतेच वाचले. लेखकाच्या हेतूविषयी मला शंका नाही. परंतु स्मृतिभ्रंश जडलेल्या माणसाच्या घरी त्यांनी एक रात्र काढली असती, तर सारा दोष मुलांच्या पदरी घालण्याची घाई त्यांनी केली नसती.

माझ्या मातोश्रींना हा विकार जडून सात वर्षे झाली. रोज दिवेलागणीस त्या ट्रंकेतली दोन लुगडी काढून गाठोडे बांधतात, आणि ज्या घरात पन्नास वर्षे संसार केला त्याच घराच्या उंबऱ्याशी उभ्या राहून, परक्या गृहस्थाला विनवावे तसे मला विनवितात, "अहो, मला आमच्या घरी पोचवता का? अण्णा वाट पाहत असतील." रात्री दोनतीनदा दाराची कडी वाजते. माझ्या पत्नीला तीन वर्षांत सलग झोप ठाऊक नाही.

अखेर मन घट्ट करून एका वृद्धाश्रमात अर्ज केला, तो एका शर्तीपाशी अडला: प्रवेश घेणाऱ्यास आपले नित्यव्यवहार स्वतः करता आले पाहिजेत. ज्यांना आश्रयाची निकड सर्वाधिक, त्यांनाच दार बंद! या रुग्णांसाठी खास चालविलेली खाजगी निवासगृहे मुंबई-पुण्यास आहेत. पण त्यांचे शुल्क माझ्यासारख्या निवृत्तिवेतनावर गुजराण करणाऱ्याच्या आवाक्यातले नाही.

2023 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीच्या अंदाजानुसार साठीपुढील सुमारे 88 लाख भारतीयांना हा विकार आहे. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम 19 मात्र प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा एक वृद्धाश्रम सरकारने स्थापावा, एवढेच सुचविते. आणि तेही सरकारवर बंधनकारक नाही. दीडशेच्या आकड्याला माझा आक्षेप नाही. नेदरलँड्समधील वेस्प गावी 2009 साली पूर्ण झालेल्या होखेवेक वसाहतीतही आरंभी दीडशेच्या आसपासच रुग्ण होते. परंतु सहासात जणांचे एक घर, तेथेच शिजणारे अन्न आणि भोवती मोकळेपणी हिंडता येईल असे रस्ते व बागा, अशी तेथली रचना असून तिचा बहुतांश खर्च सार्वजनिक विम्यातून भागतो. ज्याला आपल्या मुलाचा चेहरा ओळखू येत नाही, त्याला दीडशे अनोळखी चेहऱ्यांच्या दालनात आणून बसविणे म्हणजे त्याचे भय दीडशेपट करणे होय.

तेव्हा सरकारने प्रत्येक जिल्ह्यात निदान एक असे लहान घर, अनुदानासह, मंजूर करावे. वृद्धाश्रमांतील ती शर्त हुकमाने नुसती खोडून मात्र भागणार नाही. रात्रपाळीला एकच परिचारिका असेल, तर आत घेतलेल्या रुग्णाला ती खाटेशी बांधील, आणि त्याबद्दल तिला बोल लावणे मला जड जाईल. आधी शिकविलेल्या परिचारकांच्या जागांची आणि वेतनाची तजवीज व्हावी. शर्त त्यानंतर काढावी.

आपला,
एक वाचक, सातारा