कुलूप आम्ही लावू, गस्त कोण घालणार?

उन्हाळा लागला की पोलिसांचे ठरलेले आवाहन छापून येते, तसे ते याही आठवड्यात आले. बाहेरगावी जाताना मजबूत कुलूप लावा, दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा, सीसीटीव्ही बसवा, ठाण्यात कळवून जा. सल्ला चुकीचा नाही, पण त्याचा सूर असा की जणू घरफोडी घरमालकाच्या हलगर्जीपणामुळेच होते. घरफोडीच्या बातमीत 'कडीकोयंडा तोडून आत प्रवेश केला' हे वाक्य हमखास असते. कुलूप बहुतेक वेळा शाबूतच राहते. उखडतो तो कोयंडा, कारण आडजात लाकडाच्या चौकटीत तो अर्ध्या इंचाच्या चार स्क्रूंवर कसाबसा धरलेला असतो. तेव्हा लांब स्क्रू आणि जाड कोयंडा लावावाच. पण बाहेरून कुलूप दिसले की घरात कोणी नाही, हे चोराला आपोआप कळते. दार किती वेळ तग धरेल याला अर्थ तेव्हाच, जेव्हा तेवढ्या वेळात कोणीतरी तिथे पोहोचणार असेल.

हे आवाहन फ्लॅटवाल्यांसाठी लिहिलेले आहे. गडचिरोली आणि चंद्रपूरच्या पूर्वेकडच्या तालुक्यांतली माणसे महाबळेश्वरला जात नाहीत, मिरची तोडायला तेलंगणात जातात. कुटुंबेच्या कुटुंबे पिकअपमध्ये बसतात आणि आठवडेच्या आठवडे घरे बंद राहतात. नंतर मोहफुले, मे महिन्यात तेंदूपत्ता. पहाटेच घर ओस पडते. कवेलूच्या छपराखाली असते तरी काय? डोरले, पितळेची भांडी, धानाची पोती. धानाचे पोते काही लॉकरमध्ये ठेवता येत नाही. आणि ज्यांना लॉकर परवडतो, त्यांनी रिझर्व्ह बँकेचा नियमही वाचून ठेवावा: चोरी झाली आणि चूक बँकेची ठरली, तरी तिची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच. दोन हजार भाडे असेल तर दोन लाख. आजच्या सोन्याच्या भावात त्यात काय येते ते ज्याने त्याने पाहावे.

पोलिसांची गस्त मागितली की ठरलेले उत्तर येते की मनुष्यबळ कमी आहे आणि नक्षल बंदोबस्तातून उसंत नाही. गडचिरोलीपुरते हे अनेक वर्षे खरेच होते. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा मोठा नेता भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीतच शरण आला. आता तरी थोडे बळ रात्रगस्तीकडे वळायला हवे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूर, भद्रावती, वरोऱ्याला तर ही सबब कधीच लागू नव्हती. दुसरे उत्तर असते ग्रामसुरक्षा दलाचे: गावकऱ्यांनी आळीपाळीने जागावे. सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरीकडे वाघामुळे लोक अंधार पडल्यावर परसात जायलाही दचकतात. तिथे काठी-टॉर्च देऊन माणसे गल्लीत फिरवणे म्हणजे चोराच्या भीतीने वाघाच्या तोंडी देणे. गस्त गाडीतूनच हवी आणि ती पोलिसांचीच हवी. कुठे थांबायचे हे गाडीला कळावे म्हणून बंद घरांची नोंद पोलीस पाटलाने ठेवावी. कोण मजुरीला गेले आणि कधी परतणार, हे त्याला तोंडपाठ असते. भामरागडच्या खेड्यातल्या मजुराने त्यासाठी ठाण्यापर्यंत पायपीट का करावी?

खरा मुद्दा नव्वद दिवसांचा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तपास कुठवर आला, हे नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणे तिने पोलिसांवर बंधनकारक केले आहे. मोबाइलवर कळवले तरी चालते. चोरीचा माल हाती लागून न्यायालयापुढे आला, तर चौदा दिवसांत त्याची यादी आणि त्यापुढे तीस दिवसांत तो कोणाला द्यायचा याचा आदेश, अशीही तरतूद आहे. नागरिकांनी काय करावे याची यादी छापणाऱ्या आवाहनात या नव्वद दिवसांचा उल्लेखही नाही. रानटी हत्तीने घर पाडले तर वनखात्याचा माणूस पंचनाम्याला येतो आणि भरपाईचा कागद निदान पुढे सरकतो. चोराने घर फोडले तर पंचनाम्यानंतर कागद हलला की नाही, हेही कळत नाही. दोन्ही जिल्ह्यांच्या पोलीस अधीक्षकांनी पुढच्या आवाहनाखाली तीन आकडे छापावेत: वर्षभरात घरफोड्या किती नोंदल्या, किती उघडकीस आल्या, आणि किती फिर्यादींना नव्वद दिवसांत कळवले. कोयंडा आम्ही बदलून घेतो.

— एक वाचक, मूल (जि. चंद्रपूर)