गायकवाडांची शिष्यवृत्ती आणि भथेनांचे कर्ज

आपल्या शाळेच्या सभागृहात दर जयंतीला एक प्रसंग हमखास सांगितला जातो. सयाजीराव गायकवाडांनी १९१३ साली दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली आणि बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. आम्हीही व्यासपीठावरून हा प्रसंग अनेकदा सांगितला आहे. त्याचा उत्तरार्ध मात्र आम्ही फारसा सांगत नाही. शिष्यवृत्तीची मुदत संपताच १९१७ मध्ये लंडनमधील अभ्यास अपुरा टाकून त्यांना परतावे लागले. दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करण्याचा करारही होताच. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले ते सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकीच्या पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज यांच्या बळावर. पुढे १९२३ मध्ये मिळालेल्या डी.एस्सी. पदवीत या उसनवारीचाही वाटा आहे.

कर्जाचा हा उल्लेख आम्ही मुद्दाम करीत आहोत. आपल्या घरांत कर्ज म्हटले की सावकार आठवतो, आणि ती भीती खोटी नव्हे. आपल्या आजोबांनी ती अंगावर झेलली आहे. पण या भीतीपोटी प्रवेशपत्र हाती असूनही मुलगी घरी राहिली, असे आम्ही पाहिले आहे. उलट, दलालाच्या शब्दावर विसंबून घर गहाण टाकणारे पालकही पाहिले आहेत. तीस लाखांच्या कर्जावर दहा टक्के दराने वर्षाला तीन लाख व्याज होते. शिक्षण चालू असताना हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. ती पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांना पगार किती मिळतो, हे आधी विचारलेच पाहिजे. बँकेतही दबून बोलण्याचे कारण नाही. आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेनुसार साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही. तरीही आमच्यापैकी एकाच्या वडिलांना एका शाखेने चार लाखांसाठी शेताचा सातबारा आणायला लावला होता.

शासनाची दारे आहेत. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे, संशोधकांसाठी दरमहा सदतीस हजारांची अधिछात्रवृत्ती आहे. हा आपला हक्क आहे, कोणाचे उपकार नव्हेत. पण दारे अरुंदही होतात. बौद्धांसह अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणकर्जावरील व्याजाचा भार उचलणारी ‘पढो परदेश’ योजना २०२२-२३ पासून बंद झाली. राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून २०२२ मध्ये भारतीय संस्कृती, इतिहास व समाज यांवरील विषय वगळण्यात आले. म्हणजे जातिव्यवस्थेचा अभ्यास परदेशी विद्यापीठात करावयाचा तर ही वाट बंद.

आमच्या मते खरी अडचण वेळेची आहे. शिष्यवृत्ती मंजूर होते, पैसा मागाहून येतो. त्याआधी अर्जांचे शुल्क, इंग्रजीची परीक्षा, व्हिसा आणि विद्यापीठाकडे भरावयाची आगाऊ रक्कम एवढे सारे उभे राहते. अधिछात्रवृत्ती पाच-सहा महिने रखडली की पीएच.डी. करणारा विद्यार्थी खानावळीचे बिल थकवतो आणि गावी फोन करणे टाळतो. अशा वेळी दोन लाख रुपये सहा महिन्यांसाठी मिळाले तरी वर्ष वाचते.

आपल्या माजी विद्यार्थ्यांत आज प्राध्यापक, अभियंते, अधिकारी आहेत. ते शाळेला पंखे देतात, कमानी उभारतात, भोजनदान करतात; या दानाचा आम्हांला आदर आहे. (कमानी आता पुरेशा झाल्या, एवढे म्हणण्याची मुभा असावी.) आम्ही मागतो ते दान नव्हे, उसने पैसे. पन्नास जणांनी प्रत्येकी वीस हजार ठेवले तर दहा लाखांचा निधी होतो आणि एका वेळी पाच मुलांना हात देता येतो. व्याज नको, तारण नको. प्रवेशपत्र आणि शिष्यवृत्तीचे मंजुरीपत्र पाहावे, शाळेतील दोन शिक्षकांचा शब्द घ्यावा, आणि अनुदान खात्यात जमा होताच रक्कम परत यावी. एखादी रक्कम बुडेलही. ती सोसण्याची तयारी ठेवूनच पैसे ठेवावेत.

माजी विद्यार्थ्यांच्या येत्या मेळाव्यात हा प्रस्ताव आम्ही मांडणार आहोत. पहिले वीस हजार आमचे.