वस्तीतले काम बायोडाटात लिहा



गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतली एक मुलगी बायोडाटा दाखवायला आली. बी. कॉम.चे शेवटचे वर्ष. कागद झेरॉक्सच्या दुकानातून तयार करून आणलेला. वर इंग्रजीत चार ओळींचे भारदस्त 'ध्येय'. त्याचा अर्थ विचारला, तर तिला सांगता येईना. छंद म्हणून वाचन आणि संगीत. अनुभवाच्या रकान्यात 'नाही'.

मी विचारले, "तुझ्या आईच्या बचत गटाची वही कोण लिहितं?"

"मीच लिहिते, काका. तीन वर्षं झाली."

"मग ते इथं का नाही?"

ती खाली बघून म्हणाली, "ते आपल्या वस्तीतलं. साहेबासमोर ते काय सांगायचं?"

पंधरा बायकांची दरमहाची जमा, कर्जाचे हप्ते, व्याज, बँकेच्या पासबुकाशी ताळमेळ, हे सारे ती पोरगी सांभाळते. हिशेबाच्या नोकरीसाठी याहून चांगला पुरावा कोणता? 'ध्येय' काढून टाकले आणि त्या जागी हे काम आकड्यांसह दोन ओळींत लिहायला लावले.

आपल्या घरातली मुले शिकता शिकता राबतात. कोणी पहाटे पेपर टाकतो, कोणी मामाच्या भाजीच्या गाडीवर बसतो, कोणी लहान मुलांच्या शिकवण्या घेतो, कोणी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकांचा स्टॉल सांभाळतो. ही कामे आहेत. काय केले, किती दिवस केले आणि काय जबाबदारी होती, एवढे सरळ लिहा. न केलेले मात्र एक अक्षर लिहू नका. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

बायोडाटा एका पानाचा पुरे. नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसेच लिहा. शिक्षण शेवटचे आधी. फोन नंबर चालू असलेला द्या. ई-मेलचा पत्ता आपल्या नावाचा असावा, 'किंग' आणि 'रॉकस्टार' मित्रांपुरते ठेवा. खाजगी नोकरीच्या बायोडाटात जात, धर्म, वडिलांचा पगार लिहिण्याची गरज नसते. सरकारी अर्जात मात्र प्रवर्गाचा रकाना जातीच्या दाखल्याप्रमाणे अचूक भरा. बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या आहेत, तो हक्क निष्काळजीपणाने घालवू नका.

आता एक कटू गोष्ट. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवून पाहिले. त्यांचा लेख २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. दलित आडनावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याचे प्रमाण सवर्ण आडनावाच्या मानाने सुमारे दोन-तृतीयांश निघाले. म्हणजे उत्तर आले नाही की प्रत्येक वेळी आपल्यातच खोट आहे असे समजू नये. आडनाव लपवूही नये. पाच ठिकाणी अर्ज करणार असाल, तर दहा ठिकाणी करा.

मुलाखतीत "घरी कोण कोण असतं? वडील काय करतात?" असे हमखास विचारतात. इथे आपली मुले अडखळतात. उत्तर घरूनच तयार करून न्या. "वडील महापालिकेत सफाई कामगार आहेत, आई घरकाम करते. घरातली पहिली पदवी माझी आहे." एवढे मान वर करून सांगा आणि पुढच्याच वाक्यात आपल्या कामावर या. ज्या कष्टाने आपण शिकलो, त्याची लाज वाटण्याचे कारण नाही.

कपडे नवे नसले तरी चालतील, धुतलेले आणि इस्त्रीचे हवेत. बुटाला पॉलिश हवे. पत्ता आदल्या दिवशी पाहून या, कारण लोकल उशिरा आली हे कारण साहेब ऐकत नाही. "तुमच्याबद्दल सांगा" याचे एका मिनिटाचे उत्तर भावंडासमोर मोठ्याने म्हणून पाहा. इंग्रजी अडले तर घाबरू नका. सावकाश, छोट्या वाक्यांत बोला. प्रश्न कळला नाही, तर पुन्हा विचारा.

मूळ प्रमाणपत्रे दाखवा, पण ठेवून येऊ नका. प्रती द्या. नोकरी लावण्यासाठी कोणी अनामत किंवा 'ट्रेनिंग फी' मागितली, तर तिथून उठा. अनुभव हवा असेल, तर १९६१ च्या कायद्याखाली शिकाऊ उमेदवारी आहे. त्यात शिकवतात आणि विद्यावेतनही देतात.

पालकांना एक विनंती. मुलाखतीच्या दिवशी मुलीला पाणी भरायला, मुलाला दुकानावर पाठवू नका. तो एक सकाळचा वेळ त्यांचा असू द्या.

त्या मुलीला पहिल्या ठिकाणी घेतले नाही. दुसऱ्या ठिकाणी साहेबांनी दहा मिनिटे फक्त बचत गटाबद्दल विचारले. एका बाईचा हप्ता थकला तेव्हा वहीत नोंद कशी केली, हेही विचारले. तिने कागद घेऊन तिथेच करून दाखवली. पहिल्या तारखेपासून ती हिशेब खात्यात मदतनीस म्हणून जाते. गटाची वही अजून तीच लिहिते.