कॅमेरा मालकाचा, पासवर्ड बसवणाऱ्याचा

शिरूर आणि दौंड तालुक्यांत कॅमेऱ्याचे महत्त्व आता कुणी पटवून द्यायला नको. २०२४च्या जून-जुलैत रात्रीच्या आकाशात अज्ञात ड्रोन फिरू लागले आणि गावोगाव माणसे काठ्या घेऊन जागली. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तीनेक आठवड्यांत तिघांचा जीव गेला. विहिरीवरच्या मोटारी, केबल आणि डीपीतले तांबे चोरीला जाण्याला तर मोसमही लागत नाही. दौंडमध्ये राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट मुक्कामाला आहेत, तिथेही दुकानदार शटरवर कॅमेरा लावतोच. मुलगा हिंजवडीत, आईवडील वस्तीवर. गोठ्याच्या वळचणीला एक कॅमेरा लागतो आणि मुलाला मोबाइलवर गाईंसकट आईवडील दिसू लागतात. निदान सुरुवातीला तरी दिसतात.

मग एके दिवशी पडद्यावर दोन शब्द उमटतात : ‘डिव्हाइस ऑफलाइन’. कॅमेरेवाला म्हणतो, नेटचा प्रॉब्लेम आहे. नेटवाला म्हणतो, तुमच्याकडे लाइट नव्हती. वायरमन म्हणतो, लाइट तर कधीच आली. तिघेही खरे बोलत असतात, हीच पंचाईत आहे.

कारण लाइट येते तेव्हाच खरा घोटाळा होतो. कॅमेरा लगेच जागा होतो, राउटर सावकाश. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला तात्पुरता पत्ता देतो आणि वीज जाऊन आली की तो बदलू शकतो. पाहुणा रात्रीतून दुसऱ्या खोलीत जाऊन झोपावा आणि यजमानाने सकाळी जुन्याच दारावर थापा माराव्यात, तशी चित्र साठवणाऱ्या रेकॉर्डरची गत होते. राउटरच्या सेटिंगमध्ये कॅमेऱ्याचा पत्ता कायम करून टाकला की हा आजार संपतो. काम काही मिनिटांचे आहे. पण ते बिलात लिहिलेले नसते, म्हणून होत नाही. राउटर आणि कॅमेऱ्याला छोटा यूपीएस जोडला, तर निम्मी दुखणी उद्भवणारच नाहीत. मात्र आणखी एक कॅमेरा विकण्यात जी गंमत आहे ती यूपीएस विकण्यात नाही.

रेंजचे दुखणे इथे थेट शेतीशी बांधलेले आहे. बहुतेक स्वस्त कॅमेरे २.४ गिगाहर्ट्‌झच्या वायफायवरच चालतात, आणि ओल्या पानांतून जाताना ती लहर दमते. चासकमानच्या किंवा खडकवासल्याच्या कालव्यावरच्या वस्तीत लागणीच्या वेळी घर आणि गोठा यांच्यात मोकळे रान असते, चित्र स्वच्छ दिसते. ऊस डोक्यावर गेला की चित्र अडखळते, आणि तुऱ्यावर आला की गायब. म्हणजे तोडणीची टोळी कधी यायची हे साखर कारखाना ठरवणार आणि कॅमेऱ्याची रेंजही त्याबरोबर तोच ठरवणार. गोठ्यापर्यंत जाड केबल ओढणे हा यावरचा जुना, कंटाळवाणा आणि खात्रीचा उपाय.

आता घर ‘स्मार्ट’ करण्याची हौस. गेटवर हालचाल झाली की अंगणातला दिवा लागावा, हॉलमधल्या टीव्हीवर चित्र यावे. यात काही बिघडले तर आधी कॅमेऱ्याच्या स्वतःच्या ॲपमध्ये पाहावे. तिथे चित्र दिसत असेल तर वीज, वायफाय, राउटर सगळे निर्दोष. अबोला कॅमेऱ्याच्या आणि दिव्या-टीव्हीच्या कंपन्यांच्या यंत्रणांमध्ये आहे. कधी पासवर्ड बदलल्यामुळे आधी दिलेली परवानगी रद्द झालेली असते. ती नव्याने द्यावी लागते. कधी कॅमेरा एच.२६५ या पद्धतीने दाबलेले चित्र पाठवतो आणि पडद्याला एच.२६४ ही पद्धतच कळते; सेटिंगमध्ये एक आकडा बदलला की दोघे बोलू लागतात. वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांसाठी ‘ऑनव्हिफ’ हे सामाईक मानक २००८ पासून आहे, तरी खरेदीच्या वेळी ते कुणी विचारत नाही. स्मार्ट घरांसाठीचे ‘मॅटर’ २०२२च्या ऑक्टोबरात वाजतगाजत आले. त्यात बल्ब होते, कुलपे होती, कॅमेरा नव्हता. त्याला जागा मिळाली २०२५च्या नोव्हेंबरात. आधीच भिंतीवर चढलेल्या कॅमेऱ्यांनी काय करावे, हे कुणी सांगितलेले नाही. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशिनचे कारखाने आपल्याच रांजणगावात असले तरी त्याने यात काही फरक पडत नाही.

पण हे सगळे सुटण्यासारखे आहे. सुटत नाही ते एकच : कॅमेरा बसवणारा खाते उघडतो ते स्वतःच्या मोबाइल नंबरवर. घाईत, सोयीसाठी, बहुधा कुठलाही वाईट हेतू न ठेवता. पुढे त्याचे दुकान बंद होते, नंबर बदलतो किंवा उधारीवरून बोलणे बंद होते. मालक नव्याने जोडायला जातो तेव्हा यंत्र सांगते, हा कॅमेरा दुसऱ्याच्या खात्यात आहे. पैसे दिले आपण, भिंत आपली, दिसणारी सूनबाई आपली, आणि पाहण्याचा हक्क शिरूरच्या किंवा केडगावच्या कुठल्या तरी गाळ्यात. पासवर्ड मालकाला मिळाला तरी तो बहुधा कारखान्यातून आला तसाच असतो. राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातले चित्रण बाहेर विकले गेल्याचे २०२५ साली उघड झाले, तेव्हा प्रसिद्ध झालेला पासवर्ड होता ‘ॲडमिन१२३’. केंद्र सरकारने ९ एप्रिल २०२५ पासून बाजारात येणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा तपासणी सक्तीची केली, हे चांगलेच झाले. मात्र ती तपासणी यंत्राची असते, गाळ्याची नव्हे.

दरम्यान, पुणे ग्रामीण पोलिसांनी राबवलेली ग्रामसुरक्षा यंत्रणा साध्या बटणाच्या फोनवरही चालते : एका टोल फ्री क्रमांकावर बोलायचे, तोच आवाज गावातल्या नोंदवलेल्या सगळ्या फोनवर जातो. तिला ॲप लागत नाही, त्यामुळे ती स्मार्ट म्हणवली जात नसावी.

दुरुस्ती शिकवायला जागा नाही असेही नाही. शिरूर तालुक्यातल्याच पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम उभारला. अमेरिकेतल्या एमआयटीच्या साथीने जगातल्या पहिल्या काही फॅब लॅबपैकी, म्हणजे वस्तू घडवून पाहण्याच्या कार्यशाळांपैकी, एक तिथे सुरू झाली. कॅमेरे विकणारी पोरे चौकाचौकांत आहेत. राउटर उघडून पत्ता कायम करून देणारी हवी आहेत. तोवर वस्तीवरच्या मंडळींनी बिल चुकते करण्याआधी खाते आपल्या नंबरवर घ्यावे, पासवर्ड बदलून वहीत लिहावा, कॅमेऱ्यात मेमरी कार्ड असल्याची खात्री करावी. मग मेन स्विच बंद करून पुन्हा चालू करावा आणि बसवणाऱ्याला चहा द्यावा. चहा संपेपर्यंत चित्र परत आले नाही, तर त्याला दुसरा कप द्यावा. पैसे देऊ नयेत.