आपल्यानंतर आलेल्यांचे हक्क

प्रिय विद्यार्थी मित्रांनो, पालक बंधू-भगिनींनो आणि विश्वस्त महोदय,



प्रवेशाचे दिवस आले की शाळेच्या कार्यालयात एक सूचना हमखास येते. "हिंदी माध्यमाच्या वर्गात यूपी-बिहारवाल्यांची गर्दी वाढवू नका, आधी आपली माणसे बघा." सांगणारे पालक सज्जन असतात, शाळेवर त्यांचे प्रेमही असते. पण निवडणुकीच्या काळात हेच वाक्य भाषणांतून आणि मोबाइलवरच्या संदेशांतून फिरू लागते आणि मग मुलांच्या तोंडी येते. म्हणून या विषयावर स्पष्ट बोलणे आम्हांस आवश्यक वाटते.

प्रथम आपलीच गोष्ट पाहू. लिंबायत, डिंडोली, गोडादरा, उधना या भागांतली आपली बहुतेक घरे जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून आलेली आहेत. खानदेशातून वाहणारी तापी सुरतजवळ समुद्राला मिळते, आणि भुसावळ-सुरत रेल्वे तिच्याच खोऱ्यातून येते. कोरडवाहू शेती आणि भावाभावांत वाटत गेलेले जमिनीचे तुकडे यांवर पोट भरेना, तेव्हा आपली वडीलधारी मंडळी याच गाडीत बसली. कोणी लूम्सच्या खात्यात लागले, कोणी डाइंग मिलमध्ये, कोणी रिंग रोडच्या कापड मार्केटमध्ये पार्सल बांधू लागले. आयाबहिणींनी घरी साड्यांना लेस आणि टिकल्या लावून संसाराला हातभार लावला.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये वेगळी झाली, पण ही वाट बंद झाली नाही. आज सुरत महानगरपालिका गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया आणि तेलुगू माध्यमाच्याही शाळा चालवते. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले श्री. सी. आर. पाटील २००९ पासून नवसारीचे खासदार आहेत. २०२० मध्ये ते आपल्या पक्षाचे गुजरातचे प्रदेशाध्यक्ष झाले आणि २०२४ मध्ये केंद्रीय मंत्री झाले. पक्ष कोणता, हा इथे प्रश्न नाही. बाहेरून आलेल्या समाजाला या राज्याने इतके पुढे येऊ दिले, ही गोष्ट आपण लक्षात ठेवायला हवी.

मात्र हा कोणी आपल्यावर केलेला उपकार नव्हे. भारतीय संविधानाच्या कलम १९ ने प्रत्येक नागरिकाला देशात कुठेही फिरण्याचा आणि कुठेही राहण्याचा हक्क दिला आहे. कलम १५ प्रमाणे जन्मस्थानावरून सरकारला भेदभाव करता येत नाही. गंजामहून आलेला ओडिया कारागीर आणि धुळ्याहून आलेला आपला भाऊ यांच्यात संविधान काहीही फरक करीत नाही. फरक आपण करतो.

तो केल्यावर काय होते, हे दोन्ही राज्यांनी पाहिले आहे. २००८ मध्ये मुंबईत उत्तर भारतीय टॅक्सीचालकांवर आणि फेरीवाल्यांवर हल्ले झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या तरुणांना महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या कार्यकर्त्यांनी मारहाण केली. सप्टेंबर २०१८ मध्ये साबरकांठा जिल्ह्यात एका तान्ह्या बालिकेवर अत्याचार झाला आणि बिहारमधून आलेल्या एका मजुराला अटक झाली. पोलिसांनी आपले काम केले होते. तरीही द्वेषाचे संदेश पसरले, उत्तर गुजरातेत आणि अहमदाबादेत हिंदी बोलणाऱ्या कामगारांवर हल्ले झाले, आणि हजारो माणसे बायकामुलांसह गाडीत बसून गावी निघून गेली. सुक्याबरोबर ओलेही जळते म्हणतात, तसे झाले. गुन्हा एकाचा, शिक्षा सगळ्यांना, हा न्याय उद्या आपल्यालाही लागू शकतो. कारण सुरतेत आपणही बाहेरचेच आहोत.

"पण त्यांच्यामुळे मजुरी उतरते, खोल्यांची भाडी वाढतात, त्याचे काय?" असे विचारणारे पालकही आहेत. हा प्रश्न आम्ही उडवून लावणार नाही, कारण तो खोटा नाही. परंतु मजुरी माणूस बाहेरचा असल्यामुळे उतरत नाही. त्याला तक्रार करता येत नाही, म्हणून उतरते. ज्याच्याकडे हजेरीचा कागद नाही, ज्याला किमान वेतन ठाऊक नाही, त्याला कमी दरात राबवता येते, आणि मग तोच दर आपल्या माणसालाही ऐकवला जातो. त्याला त्याचा हक्क मिळाला तर आपलीही मजुरी टिकते. स्थानिकांसाठी नोकऱ्या राखून ठेवण्याचा मार्ग हरियाणाने घेतला होता. खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के जागा स्थानिकांना देणारा तो कायदा पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरवला. तसा कायदा सगळीकडे झाला असता, तर आपल्यापैकी किती घरांना तो सोसला असता?

२०२० चा लॉकडाऊन आठवा. काम बंद, हातात पैसा नाही, गावाला जाण्यास गाडी नाही, अशा स्थितीत याच सुरतेत हजारो कामगार रस्त्यावर उतरले होते. शेवटी २८ मे २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला की स्थलांतरित मजुरांकडून रेल्वेचे वा बसचे भाडे घेऊ नये. तेव्हा अडकलेल्यांत ओडिया होते, यूपीचे होते, तसे खानदेशचेही होते.

हा प्रश्न केवळ आपल्या देशाचा नाही. अमेरिकेत मेक्सिको आणि त्याच्या दक्षिणेकडील देशांतून आलेल्या स्पॅनिश भाषक लोकांना लॅटिनो म्हणतात. त्यांच्यातले काही जण परवान्याशिवाय सीमा ओलांडून आलेले आहेत, म्हणून त्यांचा प्रश्न आपल्याहून वेगळा आहे. तरीही त्यांच्या मुलांचे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. टेक्सास राज्याने १९७५ मध्ये कायदा बदलून अशा मुलांना सरकारी शाळेत प्रवेश नाकारण्याची मुभा दिली. टायलर गावाच्या शाळांनी त्यांच्याकडून वर्षाला १,००० डॉलर शुल्क मागितले. शेतात आणि कारखान्यात राबणाऱ्या बापांना ते परवडणारे नव्हते. काही पालक धीर करून न्यायालयात गेले आणि १९८२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की आईबापांच्या कृत्याची शिक्षा मुलांना देता येत नाही, शाळेचे दार उघडे राहिले पाहिजे. पुढे १ मे २००६ रोजी लाखो स्थलांतरितांनी तेथील शहरांत शांततेने मोर्चे काढले. आपल्या दोन्ही राज्यांचा स्थापना दिवस आणि जगाचा कामगार दिन तोच, हे आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

द्वेषाचे राजकारण मात्र थांबले नाही. २०१५ मध्ये श्री. डोनाल्ड ट्रम्प यांनी उमेदवारी जाहीर करतानाच मेक्सिकोहून येणाऱ्यांना गुन्हेगार ठरवले. त्या राजकारणाची झळ पुढे आपल्याही दारी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये १०४ भारतीयांना हातकड्या घालून लष्करी विमानाने अमृतसरला आणून सोडले. त्यांत ३३ जण गुजरातचे होते आणि काही महाराष्ट्राचेही. ती छायाचित्रे पाहून आपण हळहळलो. मग आपल्याच गल्लीत भाड्याने राहणाऱ्या माणसाला "कुठून कुठून येतात" असे म्हणताना जीभ अडखळायला हवी.

विद्यार्थी मित्रांनो, आम्ही स्वतः हिंदी माध्यमातून पदवी घेतली. हिंदीत 'भैया' म्हणजे भाऊ. तोच शब्द तोंड वाकडे करून उच्चारला की शिवी होतो. मुंबईत घाटावरून आलेल्या मराठी माणसाला 'घाटी' म्हणून असेच हिणवले गेले. शाळेच्या आवारात कोणालाही त्याच्या प्रांतावरून हाक मारू नका. त्याला नाव आहे, ते घ्या.

पालकांनी खोली भाड्याने देताना, खात्यात माणूस लावताना सर्वांना एकच दर, एकच नियम लावावा. मत मागायला येणाऱ्या प्रत्येक पक्षाच्या उमेदवाराला विचारावे की बाहेरून आलेल्या कामगारांचे रेशन, वेतन आणि मुलांची शाळा यांसाठी आपण काय करणार.

विश्वस्त महोदयांना आमची विनंती प्रवेशाविषयी आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार वयाचा दाखला नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, आणि आपल्यासारख्या अनुदानित शाळेत आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, हेही कारण चालत नाही. दिवाळीनंतर गावाहून येणारे खानदेशी मूल असो की छठपूजा आटोपून येणारे बिहारी मूल, त्याला वर्गात बसवून मग कागद गोळा करावेत. हा नियम यंदाच्या प्रवेश अर्जावर मराठी, हिंदी आणि गुजरातीत छापावा, असा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीत ठेवीत आहोत. पालकांनी आपले मत त्याआधी कार्यालयात लेखी द्यावे. विरोधाचे असेल तर तेही द्यावे, बैठकीत ते वाचून दाखवले जाईल.

आपले,
मुख्याध्यापक