भरपाईची खरी लढाई पहिल्याच कोर्टात

धाराशिव जिल्ह्यातल्या साखर कारखान्याचा एक रखवालदार एप्रिल २००३ मध्ये पहाटेच्या पाळीला मोटरसायकलवरून निघाला आणि कारखाना पाचेक किलोमीटरवर असताना अपघातात गेला. मागे बायको, चार मुलं आणि म्हातारी आई. २००९ मध्ये भरपाई आयुक्तांनी कुटुंबाला ३ लाख २६ हजार १४० रुपये आणि १२ टक्के व्याज मंजूर केलं. विमा कंपनी अपिलात गेली. कामावर जातानाचा अपघात हा कामावरचा अपघात नव्हे, म्हणून २०११ मध्ये उच्च न्यायालयानं तो निकाल रद्द केला. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आयुक्तांचाच निकाल पुन्हा कायम केला. तोवर बावीस वर्षं उलटली होती.

तुर्भ्याला आमच्या संघटनेच्या कार्यालयात मी ट्रेलरवरचे ड्रायव्हर, क्लीनर आणि बांधकाम मजूर यांचे भरपाईचे अर्ज लिहून देतो. ईएसआयचं कार्ड असलेल्यांची वाट निराळी. आमच्याकडे येतात ते बहुधा कार्ड नसलेले. ठाण्याच्या कामगार न्यायालयात, म्हणजे आयुक्तांपुढे, अर्ज लावायच्या आधीच घरचे विचारतात, "साहेब, इथं हरलो तर वर जाता येईल ना?"

जाता येतं. पण वर काय विचारतात, ते आधी समजून घ्या. अपिलाला मुदत साठ दिवसांची, वादातली रक्कम किमान दहा हजारांची आणि मुद्दा कायद्याचाच, तोही महत्त्वाचा. पगार किती होता, अपंगत्व किती टक्के, माणूस कुणाकडे कामाला होता, हे सारं आयुक्तांपुढेच ठरतं. उच्च न्यायालयानं पुरावा नव्यानं तोलू नये, हे सर्वोच्च न्यायालयानं अनेकदा बजावलं आहे. रखवालदाराच्या कुटुंबाला दाद मिळाली, कारण त्यांचा वाद कायद्याच्या अर्थाचा होता. आमच्याकडचे बहुतेक वाद कागदाचे असतात.

उदाहरण घ्या. तीस वर्षांचा क्लीनर कामावर दगावला आणि पगार पंधरा हजार सिद्ध झाला, तर पगाराचा निम्मा भाग गुणिले वयानुसारचा २०७.९८ हा आकडा, म्हणजे १५ लाख ५९ हजार ८५० रुपये होतात. मालकानं कागदावर आठ हजारच दाखवले आणि आपल्याकडे पुरावा नसला, तर ८ लाख ३१ हजार ९२०. सव्वासात लाखांचा हा फरक कायद्याचा मुद्दा म्हणून वर नेता येत नाही. म्हणून मस्टरची नक्कल, बँकेचं पासबुक, ट्रिपच्या पावत्या, सोबतच्या ड्रायव्हरची साक्ष, पंचनामा आणि डॉक्टरचा दाखला पहिल्याच तारखेपासून हाताशी हवेत.

मालकानं अपील करायचं तर आधी पूर्ण रक्कम आयुक्तांकडे भरावी लागते, तसं प्रमाणपत्र जोडावं लागतं. कायद्याची ही अट मला मोलाची वाटते. पण भरलेले पैसे कुटुंबाच्या हाती पडतातच असं नाही. अपील चालू असताना ते रोखून ठेवायचा आयुक्तांना अधिकार आहे. उच्च न्यायालयानं सांगितलं तर रोखावेच लागतात. मग घरातला कमावता गेलेला, भरपाई कोर्टात जमा आणि मुलाची फी व्याजानं काढलेल्या पैशातून, अशी परिस्थिती होते.

१९२३च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या जागी नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. कामाशी दुवा जुळत असेल तर जाता-येतानाचा अपघातही तिनं भरपाईत धरला, हे चांगलं झालं. अपिलाची चौकट मात्र तीच राहिली.

म्हणून माझं मागणं स्पष्ट आहे. उच्च न्यायालयाचा उलट आदेश नसेल, तर जमा रकमेपैकी निम्मी तरी आयुक्तांनी लगेच विधवेच्या आणि मुलांच्या खात्यावर सोडावी. १९२३च्या कायद्यात २००९च्या दुरुस्तीनं आयुक्तांना निकालासाठी तीन महिने दिले होते. ती मुदत खरोखर पाळता यावी म्हणून सरकारनं कामगार न्यायालयांतल्या रिकाम्या जागा भराव्यात. आणि विमा कंपन्यांच्या अपिलांत कायद्याचा मुद्दा खरंच आहे का, हे उच्च न्यायालयानं पहिल्याच सुनावणीत पाहावं. नसेल तर तिथंच अपील फेटाळावं. गेलेल्या माणसाच्या कष्टाचा पैसा त्याची मुलं लहान असतानाच त्यांच्या उपयोगी पडला पाहिजे.